'दस्तऐवजीकरणात योगदान द्या' याला सोपा पर्याय?

दांडिया बाजार: आम्ही बडोद्यातली काही मंडळी एका मुक्तस्रोत मराठी कीबोर्डची माहिती लिहितोय. पहिल्याच पानावर 'दस्तऐवजीकरणात योगदान द्या' असं बटण आहे. कोणी दाबत नाही. आईला दाखवलं तर म्हणाली, "देणगी गोळा करताय का?" शेजारचे काका म्हणाले, "दस्तावेज? घर घेतलं की काय?" आमच्याकडे गुजरातीच्या सवयीने दस्तावेज म्हणजे घराचं खरेदीखतच! दोन्ही शब्दांना पर्याय सुचवा.

रावपुरा: ग्रंथालयशास्त्रात 'प्रलेखन' रूढ आहे. आणि बडोदेकरांनी पर्याय दुसरीकडे कशाला शोधायचे? 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' १९३१चा, आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी. तो चाळलात का?

दांडिया बाजार: कोश थोरच, काका. पण ते राज्यकारभाराचे शब्द. कारकुनाला ते शिकणं भाग होतं. आमच्याकडे येणारा मर्जीने येतो. इनस्क्रिप्ट या कळरचनेत 'ळ' शिफ्ट आणि एनवर आहे, तुम्ही नुसतं एन लिहिलंय, एवढंच त्याला सांगायचं असतं. 'प्रलेखन' वाचून तो आल्या पावली परत जाईल.

मांडवी: शब्द बदलून भागेल का? बटण दाबलं की पुढे काय? तुमच्या फाइली ज्या साइटवर आहेत त्या गिटहबवर फोर्क (स्वतःची प्रत), ब्रँच (बदलांची वेगळी शाखा), कमिट (बदलाची नोंद), पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती). एका 'ळ'साठी?

दांडिया बाजार: तेवढं नाही करावं लागत. गिटहबवर फाइलच्या वरचं पेन्सिलीचं चिन्ह दाबलं की ब्राउझरमध्येच बदल करता येतो. परवानगी नसेल तर फोर्क गिटहबच करून देतं. खातं मात्र उघडावं लागतं, आणि निम्मे लोक तिथेच गळतात.

मांडवी: मग बटण पहिल्या पानावर कशाला? चूक दिसते ती आतल्या पानावर. प्रत्येक पानाखाली 'हे पान सुधारा' असं ठेवा आणि थेट त्याच फाइलवर न्या. खातं नसलेल्यांसाठी शेजारी साधा फॉर्म द्या. तिथे आलेलं गिटहबवर तुमच्यापैकी कोणीतरी चढवायचं.

रावपुरा: 'सुधारा' नको. मराठी विकिपीडियावर 'संपादन' करून जतन केलं की बदल बहुधा लगेच दिसतो. तुमच्याकडे आधी कोणीतरी तपासणार. 'सुधारा' वाचून आलेला माणूस पान रिफ्रेश करत बसेल आणि चिडेल. 'दुरुस्ती सुचवा' म्हणा. काम तेवढंच आहे, शब्दही तेवढाच हवा.

दांडिया बाजार: पटलं. वरच्या मथळ्याला 'कीबोर्ड कसा वापरायचा' ठेवतो, दस्तऐवज आणि प्रलेखन दोघांनाही रजा. पुल रिक्वेस्टचं काय करू?

मांडवी: तशीच राहू दे. मराठीत नाव ठेवलंत तर गिटहबवर ते शोधायचं कुठे? फक्त कमिटच्या चौकटीत काय लिहायचं ते लोकांना कळत नाही. तुमच्या सूचनांमध्ये सांगा, 'काय बदललं ते एका ओळीत लिहा'. आणि खाली नमुना द्या: 'ळची कळ दुरुस्त केली'.