मदत हवी आहे : गाडी बाहेरचं तापमान उणे ४० दाखवते

नमस्कार मंडळी. बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोल, ऑटोमॅटिक एसीची. गेल्या महिन्यात पुढचा बंपर काढून बसवला, तेव्हापासून डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान सतत -४०. इथे भर दुपारी अंगाची लाही होतेय आणि एसीचा कॉम्प्रेसर लागतच नाही! बाहेर कडाक्याची थंडी आहे असंच गाडीला वाटत असणार. आईला रोज फिजिओथेरपीला न्यायचं असतं, तिचे हाल बघवत नाहीत.

गॅरेजवाले म्हणतात सेन्सर बदला. पण मला ते पटत नाही. काल जाळीमागून सेन्सर काढून मल्टिमीटर लावला: सावलीत साधारण ८ किलोओहम, मुठीत धरला की आकडा हळूहळू उतरतो. म्हणजे थर्मिस्टर (सेन्सरमधला, तापमान वाढलं की रोध कमी होणारा भाग) जिवंत आहे. -४० तर सर्किट तुटल्यावर दिसतं, शॉर्ट असता तर आकडा भलताच वर गेला असता.

मग चावी फिरवून कनेक्टर तपासला. एका पिनेवर हिरवट गंज. दुसरी पिन ते बॉडी ५ व्होल्ट येतात, पण दोन्ही पिनांमध्ये शून्य. माझ्या मते परतीची वायर कुठेतरी तुटली आहे.

ही वायर थेट एसीच्या कंट्रोल युनिटला जाते की वाटेत जोड असतो? तपासणीपुरती ती बॉडीला जोडली तर युनिटला धोका आहे का? कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.