साताऱ्यातील जुन्या घराची शयनखोली फ्रेंच ग्रामीण शैलीत, मर्यादित खर्चात

मंगळवारपेठकर (सातारा) :

सर्वांना नमस्कार. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमचे जुने घर आहे. पुढचा भाग काही वर्षांपूर्वी उतरवून नव्याने बांधला. मागची एक खोली मात्र मूळ बांधकामातली तशीच राहिली असून तीच आता आमची शयनखोली होणार आहे. खोली साधारण दहा बाय बारा फुटांची आहे. भिंती दगडी व रुंद, वर कडीपाट, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीत दोन कोनाडे आणि अंगणाकडे उघडणारी लाकडी झडपांची एकच खिडकी. भिंतींना मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा करून त्यावर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट दिलेला आहे आणि दर पावसाळ्यात खालच्या दोन-तीन फुटांत तो फुगून येतो. सामानात सासूबाईंच्या लग्नातले सागवानी कपाट, एक साधी लोखंडी खाट आणि प्लायवुडचे टेबल एवढेच आहे.

फ्रान्समधील खेड्यांतल्या घरांची, त्यातही दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागातल्या घरांची सजावट मला मनापासून आवडते आणि या खोलीत ती करून पाहावी अशी इच्छा आहे. माझ्या मनात कपाट पांढरे रंगवणे, भिंती फिकट जांभळ्या करणे, पलंगामागे फुलांचा वॉलपेपर, एक झुंबर आणि कोरीव नक्षीचा तयार पलंग अशी योजना आहे. सारा खर्च तीस हजार रुपयांत बसवायचा आहे आणि पलंगाची चौकशी केल्यावर लक्षात आले की तो घेतल्यास बाकी कशालाही पैसे उरणार नाहीत. कोठे खर्च करावा आणि कोठे हात आखडता घ्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ (सांगली) :

ताई, तीस हजारांतला पहिला आणि सर्वांत मोठा वाटा भिंतींना द्या, असे मी आग्रहाने सांगेन. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर भिंतीतली ओल हा आमच्याकडे घरोघरी अभ्यासाचा विषय झालेला आहे. दगडमातीची जुनी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते सावकाश हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा थर आणि वर ऑइल पेंट चढवला की पाण्याची ही वाट बंद होते, ते क्षारांसह रंगाच्या मागे साठते आणि रंगाला फुगवटा येतो. तुमच्याकडे नेमके हेच होत आहे. अशा भिंतीवर वॉलपेपर लावला, तर पावसाळ्यात तो सुटेल आणि त्याच्या पाठीमागे बुरशी धरेल. म्हणून तो विचार कृपया सोडून द्यावा.

प्रोव्हान्समधल्या ज्या खोल्या आपल्याला चित्रांतून मोहवतात, त्यांच्या सौंदर्याचे मूळ मला चुन्याच्या भिंतींत दिसते. त्या पूर्ण सपाट नसतात, त्यांच्यावर उजेड एकसारखा पडत नाही आणि त्यांचा रंग तिथल्या मातीतून आलेला असतो. रूसियों या गावाच्या परिसरात पिवळ्या आणि तांबड्या मातीच्या खाणी होत्या आणि हीच माती चुन्यात कालवून तिकडची घरे रंगवली जात. आपल्याकडची पिवडी आणि गेरू हीदेखील लोहाच्या ऑक्साइडने रंगलेली मातीच आहे. तेव्हा हा रंग मिळवण्यासाठी परदेशी नावाचा महागडा डबा आणण्याचे कारण नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम बाहेरून पाहावे : पन्हळ गळते का, अंगणाची जमीन भिंतीलगत उंच झाली आहे का, सांडपाणी तेथे मुरते का. हे दुरुस्त केल्याशिवाय आत काहीही करणे व्यर्थ आहे. मग खालचा फुगलेला सिमेंटचा गिलावा काढून तेवढ्या भागात चुना-वाळूचा गिलावा करावा; आपल्या पैशांतला मोठा खर्च हाच असेल. वरच्या भागातला ऑइल पेंट पूर्ण खरवडावा, कारण तेलकट पृष्ठावर चुना धरत नाही. येथे एक काळजी आवश्यक आहे. घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. म्हणून भिंत ओली करूनच खरवडावी, कोरडी घासू नये, मास्क वापरावा आणि काम संपेपर्यंत लहान मुलांना व गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

चुना कळीचा घ्यावा, कामाच्या बरेच दिवस आधी विरवून ठेवावा आणि कापडातून गाळून दुधाइतका पातळ करावा. विरवताना तो उकळतो आणि अंगावर उडतो, त्यामुळे चष्मा व हातमोजे हवेतच. थोडे डिंकाचे पाणी त्यात घालावे. पिवडीचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा कमी राहू द्यावे, नाहीतर रंग हाताला लागतो. भिंत ओलसर करून तीन पातळ हात द्यावेत. पहिला हात जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा घाईने जाड हात देण्याचा मोह टाळावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा घट्ट होतो आणि त्याचा रंग वाळल्यावरच उघडतो.

खोलीला एकच खिडकी असल्याने कडीपाटाच्या फळ्यांनाही याच चुन्याचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे उजेड वाढेल, असे मला वाटते. झुंबराचे पैसे वाचवावेत. दोन पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे दिवे कोनाड्यांत ठेवल्यास चुन्याची भिंत रात्री फार सुंदर दिसते.

ताणाबाणा (विटा) :

भिंतींविषयी वर आलेल्या माहितीनंतर कापडाविषयी लिहितो, कारण या शैलीचा दुसरा आधार सुती कापड हा आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे.

प्रोव्हान्सची म्हणून जी बारीक फुलांची छापील कापडे जगभर ओळखली जातात, त्यांचे मूळ भारतीय चिटात आहे. सतराव्या शतकात भारतातले रंगीत छापील सुती कापड जहाजांतून मार्सेय बंदरात उतरू लागले आणि फ्रान्समध्ये त्याची इतकी ओढ लागली, की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांचा धंदा सांभाळण्यासाठी १६८६ मध्ये राजाज्ञेने या कापडावर आणि त्याच्या नकलांवर बंदी घालण्यात आली. ही बंदी १७५९ पर्यंत होती आणि त्या काळातही लोक चोरून ते वापरत राहिले. बंदी उठल्यानंतर लगेच, १७६० मध्ये, ओबेरकाम्फ या छपाई-कारागिराने व्हर्सायजवळच्या जुई गावी आपला कारखाना सुरू केला. एकाच रंगात शेतकरी, गुराखी, झाडे आणि पडकी देवळे यांची दृश्ये छापलेले जुईचे प्रसिद्ध कापड ते हेच. कारखाना १८४३ मध्ये बंद पडला, परंतु ती नक्षी आजही छापली जाते.

याचा आपल्या खोलीसाठी उपयोग असा, की ‘फ्रेंच’ म्हणून विकले जाणारे पॉलिएस्टरचे पडदे घेण्यापेक्षा लहान बुट्टीचे सांगानेरी ठशांचे सुती कापड मीटरवर घ्यावे; ते मूळ परंपरेच्या कितीतरी जवळचे आहे. दृश्यांची नक्षी हवीच असेल तर ती एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ दोन उशांच्या अभ्ऱ्यांवर, ठेवावी. फुले, चौकडी आणि पट्टे एकत्र शोभतात, पण त्यांचे रंग दोन-तीनच असावेत : निळा, पिवडीचा पिवळा आणि कोरा पांढरा.

पडद्यांसाठी मी मांजरपाटच सुचवेन. त्याचा न धुतलेला, किंचित पिवळसर रंग आणि जाडसर पोत लिननच्या जवळ जातो आणि इचलकरंजीपासून आमच्या विट्यापर्यंत यंत्रमागांचा सारा पट्टा जवळ असल्यामुळे ते आपल्याला सहज व स्वस्त मिळते. चार फुटी खिडकीला दांडी साडेसात फुटांवर लावून पडदे जमिनीपर्यंत सोडले, तर चव्वेचाळीस इंची पन्ह्याचे दोन तुकडे, दुमड धरून प्रत्येकी अडीच मीटरचे, लागतील. मांजरपाट आटतो, म्हणून साडेपाच मीटर घ्यावे आणि शिवण्याआधी धुऊन घ्यावे.

पलंगावर वाकळ अंथरावी. प्रोव्हान्समध्ये दोन कापडांमध्ये सूत भरून हाताने टाके घातलेली पांघरुणे पिढ्यान्‌पिढ्या केली जातात आणि मार्सेयची अशी पांढरी पांघरुणे एकेकाळी परदेशांतही जात असत. आपल्या साताऱ्या-सांगलीच्या बायका जुन्या सुती साड्यांची वाकळ जे टाके घालून शिवतात, त्यांत तितकेच कौशल्य आहे. मऊ झालेल्या पांढऱ्या, निळ्या साड्या देऊन वाकळ शिवून घ्यावी आणि शिवणाऱ्या बाईंना मजुरी मात्र मनमोकळेपणाने द्यावी. काटकसर करण्याची ती जागा नाही.

रंधा (मिरज) :

माझे घराणे सुतारकामाचे. म्हणून हात जोडून विनंती करतो, की सासूबाईंचे सागवानी कपाट रंगवू नका. या शैलीतले पांढरे रंगवलेले सामान आपण सगळीकडे पाहतो खरे, पण प्रोव्हान्सच्या चांगल्या कपाटांना अक्रोडाचे लाकूड वापरत आणि ते उघडेच ठेवीत. उत्तरेकडच्या नॉर्मंडीत तर लग्नाच्या निमित्ताने मुलीसाठी ओकचे कोरीव कपाट करून घेण्याची रीत होती. सासूबाईंचे लग्नातले कपाट हे त्याच जातीचे सामान आहे आणि त्या खोलीत त्याच्याइतके शोभणारे दुसरे काही तीस हजारांत मिळणार नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसून ते पूर्ण वाळू द्यावे, बारीक पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने हलका फिरवावा आणि बेलतेलात (जवसाच्या तेलात) थोडे टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्यावा. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, उघड्यावर पसरून वाळवावे. बेलतेलाची फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

कडीपाटाला चुना देण्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. जुन्या लाकडाच्या रेषांत एकदा चुना शिरला की तो पुन्हा निघत नाही आणि उद्या विचार बदलला तर लाकूड तासावे लागेल. प्रोव्हान्सच्या घरांतही उघड्या तुळया ही मिरवण्याची गोष्ट आहे. त्याऐवजी वाळवी किंवा भुंगा लागला आहे का, हे आधी पाहून घ्यावे. तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे टोच्या मारून लाकूड मऊ लागते का ते तपासावे.

पांढऱ्या रंगाची हौस प्लायवुडच्या टेबलावर भागवता येईल. तीन भाग मोतिया पांढरा प्लास्टिक पेंट, एक भाग पीओपी आणि एक भाग पाणी असे प्रमाण घ्यावे. पीओपी आधी पाण्यात गाठी न राहता कालवून मग रंगात ओतावे आणि एका वेळी थोडेच करावे, कारण ते लवकर घट्ट होते. दोन हात वाळल्यावर कडा पॉलिश पेपरने किंचित घासाव्यात आणि वरून मेण चोळावे. घासण्याचे काम जेथे हात खरोखर लागतो अशा कडांवरच करावे. सगळीकडे ओरखडे काढलेले सामान जुने दिसत नाही, खराब केलेले दिसते.

नवा पलंग घेऊ नये. आहे त्या लोखंडी खाटेला फॅब्रिकेशनवाल्याकडून डोक्याच्या बाजूला दोन कमानदार सळ्या वाकवून जोडून घ्याव्यात, गंज काढून रेड ऑक्साइडवर मॅट काळा रंग द्यावा. लोखंडी पलंग या शैलीत पूर्णपणे मुरलेला आहे. खिडकीच्या झडपांना राखट निळा रंग द्या. तिकडच्या खिडक्यांची ओळख त्या झडपांच्या रंगातच आहे.

मंगळवारपेठकर (सातारा) :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वॉलपेपर, झुंबर आणि नवा पलंग हे तिन्ही विचार मी सोडले. कपाट रंगवायचे नाही हे वाचून सासूबाईंना फार समाधान वाटले. दोनच प्रश्न उरले आहेत. जांभळा रंग आणि लॅव्हेंडर यांच्यावाचून प्रोव्हान्सची आठवण कशी राहील? आणि हे काम या पावसाळ्यात सुरू करता येईल का?

ताणाबाणा (विटा) :

लॅव्हेंडर हे तिथल्या शेतातले आणि कपाटातले फूल आहे. भिंती सहसा पिवडीच्या नाहीतर पांढऱ्याच असतात. जांभळा एखाद्या उशीवर पुरे. वाळवलेली फुले हवी असल्यास जम्मूकडच्या भद्रवाहला लॅव्हेंडरची शेती होते, तिथली मागवता येतील. परंतु कपड्यांच्या घड्यांत वाळ्याच्या जुड्या ठेवण्याची आपली रीत त्याच हेतूची आहे आणि साताऱ्याच्या उन्हाळ्याला वाळाच अधिक मानवतो. कोनाड्यात फुले ठेवायची झाल्यास बागेतली ठेवावीत. कासच्या पठारावरून काहीही तोडून आणू नये.

कृष्णाकाठ (सांगली) :

कडीपाटाविषयी ‘रंधा’ यांचे म्हणणे मला पटले. तो तसाच राहू द्यावा. चुन्याचे काम पावसाळ्यात करू नका, भिंत वाळणार नाही. आता पाऊस चालू असतानाच ओल कोठवर चढते ते भिंतीवर खडूने आखून ठेवा, म्हणजे गिलावा नेमका किती उंचीपर्यंत काढायचा ते कळेल. पन्हळ मात्र या आठवड्यातच पाहून घ्या. गिलावा दिवाळीनंतर काढा, उघडी भिंत जमेल तितके दिवस वाळू द्या आणि चुन्याचे हात थंडीत द्या. तोवर वाकळ आणि पडदे शिवून होतील.