आजोबांच्या पेटीतले अमेरिकी चांदीचे डॉलर

प्रश्न (मडगाव)
नमस्कार. माझे आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतील रुपयांबरोबर चांदीचे दोन अमेरिकी डॉलर मिळाले. एकावर १८९३ हे साल असून मागे पानांच्या हाराखाली बारीक ‘एस’ अक्षर आहे, दुसऱ्यावर १९२१. घरची मंडळी म्हणतात, चिंचेने घासून लख्ख करावेत आणि सोनाराला दाखवावेत. तसे करावे काय?

उत्तर (फोंडा)
कृपा करून चिंच, रिठा, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. वर्षानुवर्षे चढलेली काळपट झाक जाणकार संग्राहकाला हवी असते, आणि घासलेल्या नाण्याची किंमत कायमची उतरते. सोनार फक्त चांदी मोजेल : २६.७३ ग्रॅम वजनात ९० टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम.

उत्तर (म्हापसा)
१८९३ चे नाणे मॉर्गन डॉलर (शिल्पकार जॉर्ज मॉर्गन यांच्या नक्षीचा चांदीचा डॉलर) आहे आणि ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण. त्या वर्षी तिथे अवघी १,००,००० नाणी पाडली गेली, त्यामुळे हे नाणे मॉर्गन मालिकेत सर्वांत दुर्मीळ गणल्या जाणाऱ्यांपैकी आहे. म्हणूनच फसवणूकही याच सालात फार होते. फिलाडेल्फियाच्या बिनखुणेच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवतात. भिंगाखाली त्या अक्षराच्या बुडाशी सांधा दिसतो का, ते पाहा. खऱ्या नाण्यांची मुखबाजू एकाच साच्यातून उतरली असल्याने ‘लिबर्टी’ शब्दातील ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरकी उठावाची रेघ आढळते, नाणे फार झिजलेले नसेल तर ती शोधा. चुंबकाने निर्णय होत नाही, कारण पितळही त्याला चिकटत नाही.

प्रश्नकर्ता (मडगाव)
आभारी आहे. १९२१ च्या नाण्यावरील स्त्रीच्या मुकुटातून किरण निघालेले आहेत. केस मात्र पुसट आहेत.

उत्तर (म्हापसा)
मग तो पीस डॉलर, म्हणजे मॉर्गननंतर त्याच वर्षी आलेल्या नव्या नक्षीचा. १९२१ चे मॉर्गन ८ कोटींहून अधिक निघाले, पीस मात्र सुमारे १० लाखच, तेही वर्षअखेरीस. पुसट केसांवरून नाणे झिजले असे लगेच ठरवू नका. त्या वर्षी नक्षीचा उठाव फार ठेवल्यामुळे मधला भाग अनेकदा नीट उमटला नाही, आणि १९२२ मध्ये हा उठाव कमी करावा लागला.

उत्तर (पणजी)
आपल्या दमट हवेत मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नयेत, त्याने हिरवा चिकट थर धरतो. आणखी एक : दोन्ही नाणी शंभर वर्षांपलीकडची असल्याने १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. तपासणीसाठी किंवा विक्रीसाठी ती परस्पर परदेशी पाठवू नका. आधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा.