‘भागीदारी’ हा शब्द येथे चालेल का?

प्रश्न : युवकांसाठी काम करणाऱ्या तीन संस्था आणि त्यांना निधी देणारी एक कंपनी यांच्यातील कराराचा मी मराठी मसुदा करीत आहे. मूळ मसुद्यात जेथे जेथे ‘पार्टनरशिप’ आहे तेथे मी ‘भागीदारी’ लिहिले होते, परंतु एका संस्थेच्या हिशेबनिसांनी “आपण काय दुकान काढतोय?” असे म्हणत तो शब्द खोडला. पर्याय सुचवावा.

उत्तर : हिशेबनिसांचे बरोबर आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम ४ नुसार सर्वांनी, किंवा सर्वांच्या वतीने एखाद्याने, चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ज्यांनी मान्य केले असेल त्यांच्यातील संबंध म्हणजे भागीदारी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला नफा वाटून घेता येत नाही आणि कंपनीने २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ खाली सामाजिक दायित्व म्हणून खर्चायची, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के इतकी रक्कमही परताव्यासाठी दिलेली नसते. ‘युवकांची भागीदारी वाढली’ हे तर सरळसरळ हिंदी वळण आहे. तेथे मराठीत ‘सहभाग’ म्हणावे.

खरे तर कोणत्या संबंधाला काय म्हणावे याची वर्गवारी आपल्या निमंत्रणपत्रिकांनी केव्हाच करून ठेवली आहे. आयोजनाची जबाबदारी दोघांची असेल तर ‘संयुक्त विद्यमाने’, कोणी जागा किंवा माणसे दिली असतील तर ‘सहकार्याने’ आणि नुसते पैसे दिले असतील तर ‘सौजन्याने’. पत्रिकेत यांची अदलाबदल झाली की रुसवेफुगवे होतात, ते उगीच नव्हे.

पुरवणी प्रश्न : मग तिन्ही संस्थांच्या आपसातील व्यवहाराला काय म्हणावे? एकीकडे सभागृह आहे, दुसरीकडे समुपदेशक आहेत, तिसरीकडे वस्तीतली ओळख आहे, आणि पैशांची देवघेव मुळीच नाही.

उत्तर : याला शेतकऱ्यांचा नेमका शब्द ‘सावड’. आज तुमची बैलजोडी माझ्या रानात, उद्या माझी तुमच्या. इर्जिकीत मात्र शेजारी एकाच्याच शेतावर येतात आणि तो त्यांना जेवू घालतो, म्हणून तो शब्द येथे बसणार नाही. करारात ‘परस्पर सहकार्य’ लिहावे. उपक्रमाला नाव हवे असेल तर ‘सावड’ अवश्य घ्यावा.

कंपनी मात्र सावडीत येत नाही. आपल्या मसुद्यात तिमाही संपल्यावर पंधरा दिवसांत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामासाठीच खर्चल्याचा दाखला, देण्याचे बंधन फक्त संस्थांवर आहे आणि तीस दिवसांची सूचना देऊन निधी थांबवण्याचा अधिकार फक्त कंपनीला आहे. अशा संबंधाला ‘अर्थसाहाय्य’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. ‘देणगी’ म्हणावी तर इतक्या अटी शोभत नाहीत आणि ‘अनुदान’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरी उभी राहते. कंपनीला समान दर्जाचाच शब्द हवा असेल, तर आधी ही दोन कलमे दुतर्फा करून घ्यावीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. शीर्षक ‘अर्थसाहाय्य व परस्पर सहकार्य करार’ असे केले आहे. कलमांविषयी कंपनीला कळवले आहे.