सल्ला हवा: दोन लहान मुलांना घेऊन हॅमरफेस्टला (उत्तर नॉर्वे) जावं का?

शेवंती:

नमस्कार मंडळी. मी प्रोसेस इंजिनिअर आहे आणि मला नॉर्वेतल्या हॅमरफेस्टची ऑफर आली आहे. ऑस्लो, बर्गन इथपर्यंत माझी कल्पना धावत होती. हे गाव नकाशात शोधताना बोट वर वर नेतच राहावं लागलं. ७० अंशांच्याही वर उत्तर अक्षांश, आणि वस्ती सगळी मिळून ११,०००च्या आसपास. काम आवडीचं आहे, पगार चांगला आहे. खरं तर नाही म्हणायला कारण नाही, पण हो म्हणायला हात धजत नाही.

नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याला तिथे लगेच काही मिळणार नाही हे धरून चाललो आहोत. थोरली चार वर्षांची, तिला बालदमा आहे. धाकटा दहा महिन्यांचा. कंपनी म्हणते जानेवारीत रुजू व्हा, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने.

अंधारात लहान मुलं कशी राहतात? आल्टा त्यातल्या त्यात मोठं गाव दिसतंय, तिथे राहून मला रोज ये-जा करता येईल का? नकाशा १४० किमी दाखवतो. आणि सासूबाईंचं एकच वाक्य घरात घुमतंय, "तिकडे मुलं काढून घेतात म्हणे." कुणी त्या भागात राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. "अनुभव घ्या, मजा येईल" छाप प्रतिसाद ऑफिसात भरपूर मिळाले आहेत.

भटकभवानी:

आल्टाचा विचार आत्ताच सोडा. १४० किमी म्हणजे उन्हाळ्यात एका बाजूला दोन तास. मध्ये सेन्नालान्दे नावाचं उघडं पठार लागतं. हिवाळ्यात तिथे वादळ आलं की रस्ता बंद तरी होतो, नाहीतर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्यांनी रांगेत जायचं. रांग कधी सुटेल ते हवामानावर. बार्नेहागे (पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच) चार-साडेचारला बंद होते आणि तुम्ही पठाराच्या अलीकडे अडकलेल्या, हे रोजचं चित्र नको.

आल्टाचा उपयोग विमानतळासाठी. हॅमरफेस्टची धावपट्टी आखूड आहे, तिथे फक्त छोटी पंख्याची विमानं उतरतात आणि वारा असला की तीही रद्द होतात. आल्टाला ऑस्लोहून थेट जेट येतं. भारतात यायची तिकिटं काढाल तेव्हा मध्ये एक मुक्काम धरूनच काढा.

उत्तररात्र:

शेवंतीताई, मी बरीच वर्षं फिनमार्कात (हॅमरफेस्ट ज्या प्रांतात येतं त्या) आहे, मुलं इथेच वाढली.

आधी अंधार. हॅमरफेस्टला साधारण २२ नोव्हेंबरपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. पण चोवीस तास काळोख नसतो. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, बर्फ असला तर तो आणखी पसरतो. लहान मुलांना याचं काही वाटत नाही, त्यांना कपाळावर टॉर्च लावून बाहेर खेळायला मिळतं. त्रास मोठ्यांना होतो. उलट मुलांची झोप उडते ती मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, कारण तेव्हा सूर्य मावळतच नाही. रात्री अकराला खिडकीतून ऊन येत असताना चार वर्षांच्या मुलीला "झोप, रात्र झाली" म्हणून बघा! उजेड अजिबात आत न येऊ देणारे पडदे पहिल्या आठवड्यात लावून टाका.

थंडीचे आकडे वाचून घाबरू नका. कारास्योकला १८८६ मध्ये उणे ५१.४ नोंदले गेले, तो आकडा सगळीकडे फिरतो. पण ते आत, पठारावर. हॅमरफेस्ट किनाऱ्यावर आहे, कोमट सागरी प्रवाहामुळे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. इथला खरा वैरी वारा. बाबागाडीला हातात अडकवायचा पट्टा हवाच, आणि बुटांखाली लावायचे खिळे मोठ्यांनाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते सांगते. बार्नेहागेची मुख्य प्रवेशप्रक्रिया १ मार्चला बंद होते आणि जागा ऑगस्टपासून मिळते. ऑगस्टअखेर एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, म्हणजे तुमच्या दोघांनाही. पण जानेवारीत उतरलात तर मधल्या काळात हक्क नाही. एखादी जागा रिकामी असली तर नशीब. म्हणजे तुमचे यजमान भर अंधारात, भाषा येत नसताना, दोन मुलांसह सात महिने घरात. मला विचाराल तर जावं की न जावं यापेक्षा कोणत्या महिन्यात जावं हाच प्रश्न मोठा आहे. कंपनीकडून तारीख पुढे ढकलून घ्या. कोम्यूनला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, आजच ईमेल करा आणि बाहेरून अर्ज कसा करायचा ते विचारा.

काळजीवाहू:

सासूबाई चुकीचं बोलत नाहीयेत. २०११चं स्टाव्हांगरचं प्रकरण विसरलात का सगळे? भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली होती. हाताने भरवणं, आईवडिलांजवळ झोपवणं यावरून. मी तरी लहान मुलं घेऊन त्या देशात पाय ठेवणार नाही.

उत्तररात्र:

काळजीवाहू, ते प्रकरण खरं आहे, दोन्ही सरकारांपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली. बार्नेवर्नवर (मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेवर) नॉर्वेतही टीका होते. २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अशाच एका खटल्यात नॉर्वेविरुद्ध निकाल दिला. तेव्हा "काही नसतं हो" असं मी म्हणणार नाही.

पण रोजचं वास्तव असं की त्यांचं बहुतेक काम घरात मदत पुरवण्याचं असतं. हाताने भरवल्याचं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मारण्याबाबत मात्र शून्य सवलत. १९८७ पासून मुलांना मारणं कायद्याने स्पष्टपणे बंद आहे, चापटसुद्धा. शिक्षक आणि नर्स यांना गंभीर शंका आली तर कळवणं बंधनकारक आहे. "थांब, आता फटका देईन" ही आपली लाडिक धमकीही मुलगी बार्नेहागेत जाऊन जशीच्या तशी सांगते, आणि तिथे ती लाडिक वाटत नाही. हेल्सेस्टाशूनच्या (बालआरोग्य केंद्राच्या) भेटी चुकवू नका, नर्सशी ओळख ठेवा. शंका कमी होतात त्या ओळखीने.

घरकोंबडा:

शेवंतीताईंच्या मिस्टरांसाठी लिहितोय, त्यांना वाचायला द्या.

मी बायकोच्या नोकरीमागून उत्तरेत आलो. कुटुंबाच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला काम करायची पूर्ण मुभा असते, कागदावर. प्रत्यक्षात छोट्या गावात नॉर्वेजियनशिवाय मिळतं ते साफसफाईचं किंवा मासळी कारखान्यातलं काम. त्यात कमीपणा नाही, मी केलंय, पण ते माहीत असून यावं. गणिताच्या शिक्षकांची गरज असते, तरीही आधी पदवीची मान्यता आणि भाषेची वरची पातळी लागते, तेव्हा दोन-तीन वर्षांचा हिशोब धरा. आणि भाषावर्ग फुकट असतात ही ऐकीव गोष्ट निर्वासितांपुरती. नोकरीसाठी आलेल्यांच्या घरच्यांना स्वतःच्या खिशातून शिकावं लागतं. विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन सुरुवात करा. नवऱ्याच्या शिकवणीचे पैसे ऑफरमध्ये घालून घ्या, हे कंपन्या सहसा मान्य करतात कारण कुटुंब कंटाळून परत गेलं तर त्यांचाही माणूस जातो.

पहिल्या काही महिन्यांत मला कुणाची साथ मिळाली असेल तर 'ओपन बार्नेहागे'ची. पुष्कळ कोम्यूनमध्ये असते. पालकाने मुलासोबत यायचं, नोंदणी नाही, फी नाही. पोरं जमिनीवर रांगतात, मोठी माणसं कॉफी पितात. मी तिथे बहुतेक वेळा एकटा बाप्या नसायचो, हा एक सुखद धक्का. इथे बाप बाबागाडी ढकलताना दिसतो ते कुणाला नवल वाटत नाही. गावातले माझे सगळे मित्र त्या खोलीतले आहेत. ऑफिसातून बायकोला मिळाले त्याहून जास्त.

आणि एक. भांडणं होतील. एकाचा दिवस माणसांत जातो, दुसऱ्याचा मोज्यांच्या जोड्या शोधण्यात. आठवड्यातली एक संध्याकाळ घराबाहेर पडायची ती घरी असणाऱ्याने, हे निघायच्या आधी ठरवून घ्या.

मनकवडी:

घरकोंबडा, +१००. नाव बदला आता तुमचं.

ताळेबंद:

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून. फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स हा खास सवलतींचा पट्टा आहे, लोकांनी तिथे टिकावं म्हणून सरकारने १९९० मध्ये सुरू केलेला. ट्रोम्सो शहर त्यात येत नाही, हॅमरफेस्ट येतं. सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर इतरत्र २२ टक्के, इथे १८.५, वर खास वजावट. वीज स्वस्त, कारण तिच्यावर व्हॅटही नाही आणि वीजकरही नाही. बार्नेहागे ऑगस्ट २०२३ पासून मोफत, जेवणाचे पैसे तेवढे वेगळे. शैक्षणिक कर्जमाफीबद्दल वाचाल, ती नॉर्वेच्या सरकारी कर्जाला लागू आहे, आपल्या बँकेच्या नाही.

नवीन परदेशी नोकरदाराला बहुधा आपोआप पेइ नावाच्या योजनेत टाकतात. सरसकट सुमारे २५ टक्के कर, विवरणपत्र नाही, वजावटी नाहीत. सोपं असतं म्हणून लोक तसेच राहतात. पण मग फिनमार्कची वजावटही जाते. त्यातून बाहेर पडता येतं, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा.

घर मिळेपर्यंत कंपनीची सदनिका मागा. छोट्या गावात भाड्याची घरं फार नसतात.

ध्रुवतारा:

उत्तररात्र यांच्याशी थोडा असहमत. आम्ही ट्रोम्सोला भर काळोखात उतरलो आणि ते बरंच झालं. त्यानंतर रोज उजेड वाढतच गेला, सूर्य परतला तेव्हा शाळेत मुलांना गोड पाव वाटले, सगळं गाव आनंदात. जे सप्टेंबरात येतात त्यांना नव्या जागेची हौस फिटेस्तोवर अंधार गाठतो. ती उतरण वाईट. बार्नेहागेचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

बालदम्याबद्दल: हॅमरफेस्टला रुग्णालय आहे, मोठं काही असेल तर ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात हवाई रुग्णवाहिकेने नेतात. १६ वर्षांखालच्यांना डॉक्टरची फी नाही. पण फास्टलेगे (नेमून दिलेला डॉक्टर) राष्ट्रीय ओळख क्रमांक आल्यावरच मिळतो, त्याला वेळ लागतो. तोवर पुरतील एवढे इन्हेलर, इंग्रजी चिठ्ठी त्यावर औषधाच्या मूळ नावासह, आणि दोघांच्या लसीकरणाच्या नोंदी हातातल्या बॅगेत ठेवा. गार कोरड्या हवेत पळाल्यावर तिला धाप लागते का, हे आत्ताच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. धाकट्याला ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम, आपल्या वर्णाच्या मुलांना तर नक्कीच.

शेवंती:

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने धागा दोनदा वाचला, घरकोंबडा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, विशेषतः शेवटचा परिच्छेद.

कंपनीशी बोलले. जानेवारीपासून इथूनच काही काम करायचं आणि मेच्या सुरुवातीला प्रत्यक्ष रुजू व्हायचं, यावर ते तयार झाले. भाषेच्या शिकवणीचे पैसे दोघांसाठी मिळतील. सदनिका सहा महिने. कोम्यूनने ईमेलला उत्तर दिलं, दोन्ही मुलांचा अर्ज फेब्रुवारीत करायचा आहे. आम्ही चौघं एकत्रच जाणार, कुणी पुढे-मागे नाही. सासूबाई जूनमध्ये येतो म्हणाल्या, ९० दिवसांच्या व्हिसावर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला!

एक प्रश्न राहिला. गाडी लगेच घ्यावी का? परवाना दोघांकडे आहे.

भटकभवानी:

गावात बस आहे, उन्हाळाभर थांबा. भारतीय परवाना बदलून मिळत नाही, तिथली परीक्षा नव्याने द्यावी लागते, निसरड्यावर चालवायच्या धड्यासकट, आणि ते धडे महाग असतात. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिलीत तर परवानाही तेवढ्यापुरताच मिळतो, पण आता इलेक्ट्रिक गाड्याच इतक्या आहेत की त्याने अडत नाही. दोघांनी एकदम सुरू करू नका, आधी मिस्टरांना करू दे, दिवसा गाडी त्यांनाच लागेल. खिळ्यांचे टायर उत्तरेत १६ ऑक्टोबरपासून चालतात, तेव्हा गाडी घ्याल ती दोन्ही टायर-संचांसकट मागा. आणि रेनडिअर रस्त्यात बसलं असेल तर हॉर्न वाजवून फारसं काही होत नाही, थांबून राहा.