उ. : टूसॉनच्या वाळूतली दुधी नेमकी कोणती?

तुम्ही अमेरिकेतल्या टूसॉनच्या (ॲरिझोना) वाळूतल्या दुधीचा फोटो टाकून तिची जात विचारलीत. दुधी म्हणजे इथे भोपळा नव्हे, तर युफोर्बिया वंशातली चीक असलेली झाडं. फक्त पांढऱ्या फुलांवरून ओळखू नका, फसाल. सोनोरन वाळवंटातल्या या जमिनीला चिकटलेल्या दुधींचं ‘फूल’ म्हणजे मुळात एक इवलासा पेला असतो. त्यात मधोमध एक मादीफूल, भोवती एकेका पुंकेसराची नरफुलं, आणि काठावरच्या ग्रंथींना पाकळीसारखी पांढरी झालर. आपल्याकडच्या नायटीचंही तेच.

दहापट भिंग घ्या आणि आधी देठापाशी बघा. समोरासमोरच्या पानांमधली उपपर्णं (देठाच्या बुडाशी असलेली इवली पानं) जुळून एकच पांढरा, पातळ त्रिकोणी खवला झाला असेल आणि झाड पूर्ण गुळगुळीत असेल, तर युफोर्बिया अल्बोमार्जिनाटा. उपपर्णं बारीक नि सुटी असतील तर याच वंशातली पॉलिकार्पा असू शकते. पण ती फार रूपं बदलते, कधी केसाळ, कधी नाही. झालर टोकदार फाटलेली आणि अंगभर लव असेल तर सेटिलोबा, तीही युफोर्बियाच.

तुमच्या फोटोत खवला दिसतोय असं वाटतं, पण खालच्या बाजूचा एक फोटो टाकाच. शक्य झाल्यास पिकलेलं बीसुद्धा. पेडिक्युलिफेरा या आणखी एका युफोर्बियाचं बी आडव्या वळ्यांचं, उवेसारखं असतं, नावातच ऊ आहे (लॅटिनमध्ये ‘पेडिक्युलस’ म्हणजे ऊ)!

चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतो.