मदत हवी आहे: आईचं लिव्हिंग विल तयार आहे, पालिकेत ते घेणार कोण?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही. (लिव्हिंग विल म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, ते माणसानं आधीच लिहून ठेवलेला कागद.)

आई ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, तब्येत ठणठणीत. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. गेली म्हणजे शेवटचे तेवीस दिवस व्हेंटिलेटरवर काढून गेली. आई रोज भेटीच्या वेळेत पाच मिनिटं आत जाऊन यायची. मावशीनं नळी उपटू नये म्हणून तिचे हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेले असत. आई त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. तेराव्यानंतर एक फुलस्केप कागद माझ्या हातात ठेवला. "बरं होण्याची आशा नसेल तर मला नळ्या लावू नका. लावल्या असतील तर काढा." खाली सही आणि तारीख. म्हणाली, "याला कायद्यानं किंमत येईल असं काहीतरी कर."

तेव्हापासून वाचतोय. जेवढं समजलं ते लिहितो, चुकलं असेल तिथे कान धरा.

हा विषय काढला की समोरचा हमखास म्हणतो, "ते अरुणा शानभागसारखं ना?" तर तसं नाही. अरुणा शानभाग म्हणजे हल्ल्यानंतर कित्येक वर्षं बेशुद्धावस्थेत केईएम रुग्णालयात पडून असलेल्या परिचारिका. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्यांना मरू द्यावं म्हणून केलेला अर्ज फेटाळलाच गेला होता. केईएमच्या परिचारिका त्यांना जिवापाड सांभाळत होत्या, आणि त्या २०१५ मध्ये न्यूमोनियानं गेल्या. पण त्याच निकालानं उपचार थांबवण्याला तत्त्वतः वाट करून दिली, फक्त प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी लागायची. मग ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरण येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस शुद्धीवर असताना आगाऊ लिहून ठेवू शकतो. मात्र त्या कागदावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती, पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी डॉक्टरांचं मंडळ नेमायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन रुग्णाला बघायचं. एवढं होईपर्यंत रुग्ण थांबणार होता थोडाच! त्यामुळे लोक आपले पूर्वीसारखेच "आमच्या जबाबदारीवर घरी नेतो" असं लिहून देऊन पेशंट हलवत राहिले.

२४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंच यात बदल केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. वेळ आली की रुग्णालय आधी डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ बसवतं, मग दुय्यम. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं.

नोटरीकडचा किस्सा सांगतो. त्यांनी कागद वरून खाली वाचला आणि विचारलं, "मिळकतीचा तपशील कुठंय?" म्हटलं, मिळकत नाही, हे उपचारांबद्दल आहे. "मग सून-मुलगा सांभाळत नाहीत का?" शेवटी मी निकालाची प्रत पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि आईलाच चार प्रश्न विचारले: स्वखुशीनं करताय ना, कोणाचा दबाव नाही ना, वगैरे. मग शिक्का मारला. माणूस चांगला होता. त्यांच्याकडे असलं पहिलंच आलं होतं, एवढंच.

आता अडलंय ते इथे:

निकालात म्हटलंय की एक प्रत स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची आणि त्यानं ती जपून ठेवायची. मुंबई उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर राज्यात असे अधिकारी नेमलेही गेले. मी आमच्या पालिकेत तीन खेटे घातले. जन्म-मृत्यू विभाग म्हणाला आरोग्य विभागात जा, आरोग्य विभाग म्हणाला विधी विभागात जा, आणि तिथल्या बाईंनी कागद हातातही न घेता सांगितलं, "मरण आधी नोंदवायची सोय नाही आमच्याकडे." कोणी प्रत्यक्ष प्रत दिली आहे का? कुठल्या टेबलावर?

दुसरं, दादा. तो परगावी असतो. फोनवर म्हणाला, "तुला घाई झालीये का आईची?" इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे आणि हे ते नव्हे, हे सांगून घशाला कोरड पडली. ऐन वेळी त्यानं आयसीयूच्या दाराशी उभं राहून नाही म्हटलं तर डॉक्टर कोणाचं ऐकतील?

आणि तिसरं, नाकातून अन्न देण्याची नळी "नळ्या" या शब्दात येते का? आईच्या मते येते. दादाच्या मते ते जेवण आहे.

– वेळूबन

---

कडूनिंब: टेबल शोधत बसू नका. आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, प्रत जोडा आणि सरळ आवक-जावकला टाका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. पुढे तो कागद कुठे फिरवायचा ही त्यांची डोकेदुखी. नाहीच घेतला तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. महिन्याभरानं माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: हे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम काय? आणि फॅमिली डॉक्टरांना प्रत दिलीत का? पालिकेपेक्षा ती जास्त कामाला येईल. रात्री दोन वाजता पालिकेचं कपाट कोण उघडणार?

नीलाक्षी_व: मी आयसीयूत नर्स आहे. "नळ्या" लिहून भागत नाही हो. एकेक नाव घालून लिहा: व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं, राइल्स ट्यूब (तीच नाकातून अन्न देण्याची नळी). प्रत्येकापुढे हवं की नको. आणि काय हवं तेही लिहा, ते लोक विसरतात: वेदनाशामक, तोंड ओलं ठेवणं, कुस बदलणं, जवळ माणूस. मराठीत असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, रात्रपाळीचा डॉक्टर मराठी असेलच असं नाही.

आडवाट: वकील आहे, पण हा सल्ला फुकट. आपल्या वतीनं निर्णय घ्यायला कागदात ज्याचं नाव असतं त्याची संमती विचारली जाते. २०२३ नंतर एकाहून जास्त नावं घालता येतात. दादांना बाहेर ठेवलंत तर ते दाराशी भांडतील, म्हणून त्यांनाच आत घ्या. मात्र दोघांचं एकमत झालं नाही तर काय, ते आईंनी लिहावं. मंडळानं नाही म्हटलं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. आई कधीही लेखी रद्द करू शकतात, हे दादांना आधी सांगा. बरेच जण तिथे शांत होतात.

टवाळ_पाटील: आमच्याकडे आज्जी म्हणायची, घरीच मरू द्या रे. तेवढ्यात काम व्हायचं.

नीलाक्षी_व: @टवाळ_पाटील, व्हायचं. आता घरून १०८ ला फोन जातो आणि पुढचं सगळं आपोआप होतं. म्हणूनच तर कागद.

---

वेळूबन: सगळ्यांचे आभार. आईनं नवा कागद केला, दीड पानाचा. नीलाक्षीताई, तुमची यादी जशीच्या तशी घातली. राइल्स ट्यूबपुढे तिनं बराच वेळ पेन धरलं आणि "पंधरा दिवसांपर्यंत हो, पुढे नको" असं लिहिलं. दादा आला होता. साक्षीदारांत सही करणार नाही म्हणाला, पण दोन नावांत दुसरं त्याचं घालू दिलं. जाताना एक झेरॉक्स घेऊन गेला. नोटरींनी या वेळी मिळकत विचारली नाही.

काल आईलाच घेऊन पालिकेत गेलो. आवकच्या खिडकीवर कागद घेतला. कारकुनानं नोंदवहीत विषयाच्या रकान्यात "मृत्युपत्राबाबत" लिहिलं. आईनं चष्मा लावला, वही आपल्याकडे फिरवून घेतली आणि ते खोडून "उपचारांबाबत" लिहायला लावलं. खोडलं तिथे त्याची बारकी सहीसुद्धा घेतली.

पोच मिळाली. अधिकाऱ्याचं पदनाम अजून कळलेलं नाही, माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. मसुदा कोणाकडे असेल तर द्या.